प्लग नाही, नळ नाही : ओम्नीतले दहा दिवस

'ऑफ-ग्रिड' या शब्दाला मराठीत काय म्हणायचं, यावर आमच्या रूममध्ये एक अख्खी संध्याकाळ गेली. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीवर कुणाचा फारसा विश्वास नाही. 'जाळ्याबाहेर' म्हटलं तर रूममेटला मासा आठवला! शेवटी मामींना फोन लावला. त्या म्हणाल्या, "वीज नाही, नळ नाही, एवढंच ना? मग आमच्या लहानपणचं घर म्हण की."

तर मित्रमैत्रिणींनो, बेत असा आहे. डिसेंबरमध्ये सेमिस्टर संपलं की मी, माझ्या दोन रूममेट, मामा आणि मामी असे पाच जण मामांच्या ओम्नीतून दहा दिवस जालना जिल्ह्यात फिरणार. लॉज नाही, हॉटेल नाही. गाडीत आणि तंबूत राहायचं, स्वतः शिजवून खायचं, आणि कुणाच्या घरात चार्जर खुपसायचा नाही. मामा-मामी बरोबर असणं ही तिन्ही घरच्यांची अट होती. आम्ही ती आनंदाने मान्य केली, कारण गाडीही मामांची आणि स्वयंपाकाची अक्कलही मामींचीच. घाई एवढ्यासाठी की ओम्नीला लवकरच पंधरा वर्षं पूर्ण होतात. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, पुढे फिटनेस दाखवून ते वाढवावं लागतं. मामा म्हणतात, आता पुरे. १९८४ साली 'मारुती व्हॅन' म्हणून आलेली ही गाडी कंपनीनेच २०१९ मध्ये बंद केली, मग मी किती दिवस ओढू? म्हणजे हा डिसेंबर हुकला तर गाडीच नाही.

लोक विचारतात, जालन्यात बघण्यासारखं काय आहे? स्टील आणि बियाणं सोडून? आहे हो, पुष्कळ आहे. राजूरचा गणपती, अन्व्याचं काळ्या दगडातलं जुनं मंदिर, अंबडची मत्स्योदरी देवी, समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब, शहागडचा गोदाकाठ. १९८१ च्या १ मेला औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून काढून हा जिल्हा झाला. आठ तालुके, सगळं मिळून चारशे किलोमीटरच्या आत आमचं फिरणं बसतं. ओम्नी लिटरला चौदा किलोमीटर देते असं धरलं तर २८-२९ लिटर पेट्रोल. लिटरला १०५ रुपये धरले तरी तीन हजारांच्या आसपास. पाच जणांत वाटून घ्या, मेसच्या बिलापेक्षा कमी!

आता मुद्द्यावर येते. बेत करायला बसलो तेव्हा आम्ही तिघींनी, इंजिनिअरिंगच्या मुलींनी जे करायचं तेच केलं. सगळ्यात आधी विजेचा हिशेब! तो तासाभरात सुटला. पाच मोबाईलना दिवसाला प्रत्येकी साधारण २० वॉट-अवर म्हणजे १००. पाच वॉटचे दोन एलईडी दिवे रोज चार तास, म्हणजे ४०. कॅमेरा, टॉर्च, वायरमधली गळती असं सगळं धरून २०० वॉट-अवर. डिसेंबर असल्यामुळे पंखा बाद. शंभर वॉटचं एक सोलर पॅनल पाच तास चांगलं ऊन मिळालं तर कागदावर ५०० वॉट-अवर देतं. तीस टक्के नुकसान गेलं तरी ३५० उरतात. झालं की काम!

फक्त एक गोष्ट इथे लक्षात ठेवायची. पॅनल गाडीच्या टपावर सपाट ठेवून मोकळं व्हायचं नाही. जालन्याचा अक्षांश साधारण २० अंश उत्तर. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य आणखी २३ अंश दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे भर दुपारीही तो क्षितिजापासून ४७ अंशांवरच दिसतो. सपाट पॅनलला तेव्हा मिळणारं ऊन सरळ ऊन गुणिले साईन ४७, म्हणजे ७३ टक्के. चौथा हिस्सा फुकट गेला. म्हणून पॅनल खाली काढून दक्षिणेकडे तोंड करून चाळीस-एक अंशांत तिरकं टेकवायचं. दोन विटा आणि एक काठी, एवढ्यावर भागतं.

बॅटरीवर मात्र वाद झाला. मामांच्या घरी इन्व्हर्टरची मोठी बॅटरी आहे, १५० अँपिअर-अवरची. "तीच टाकू, फुकटात आहे," असं मामांचं म्हणणं. पण तिचं वजन पन्नास किलोच्या वर, वर ॲसिड हिंदकळण्याची भीती. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण रिकामी करताही येत नाही, निम्मी वापरली की थांबलेलं बरं. त्याऐवजी लिथियम फॉस्फेटची १२ व्होल्ट, ५० अँपिअर-अवरची बॅटरी सहा-सात किलोत ६०० वॉट-अवरच्या आसपास साठवते. आभाळ आलं तरी दोन दिवस निघतात. महाग आहे, पण एका सीनियरने प्रोजेक्टसाठी घेतलेली उसनी मिळाली. आणि वाचलेल्या चाळीस-पंचेचाळीस किलोंचं काय करायचं, हे विचारल्यावर मामी एका शब्दात म्हणाल्या, "पाणी."

खरा बेत तिथून सुरू झाला.

शहरासाठी आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाण्याचं मापक धरतात. पाच माणसं, दहा दिवस, म्हणजे ६७५० लिटर. अर्ध्याहून जास्त टँकर! जल जीवन मिशनचं खेड्यातलं मापक ५५ लिटर, त्याने २७५० होतात. टंचाईच्या दिवसांत खेड्यात टँकरने पाणी देताना माणशी २० लिटर धरतात, त्याने १००० लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि यात कुठलीही टेक्नॉलॉजी काही करू शकत नाही. पाच माणसांचे तीनशे किलो, तंबू, अंथरूण-पांघरूण, शिधा, सिलिंडर, बॅटरी मिळून आणखी शंभर. त्या बिचाऱ्या ७९६ सीसीच्या इंजिनाला अजून किती लादणार? आम्ही वीस-वीस लिटरचे चार कॅन ठरवले. ८० लिटर.

हे ८० लिटर किती दिवस पुरतील ते कागदावर कळेना, म्हणून एका रविवारी हॉस्टेलवर प्रयोग केला. आम्ही तिघींनी सकाळी माणशी २० लिटरची एकेक बादली भरली आणि दिवसभर तेवढ्यावरच राहायचं ठरवलं. नळाला हात लावायचा नाही! मेसवरचं पाणीही त्याच बादलीच्या हिशेबात. (त्या दिवशी आमच्या विंगमध्ये बऱ्याच जणींनी आमची यथेच्छ टिंगल केली. पण दुपारी त्यातल्याच दोघी स्वतःची बादली मोजायला आल्या.) मोजमाप असं निघालं : पिण्याचं चार लिटर, स्वयंपाकाचं म्हणून राखून ठेवलेलं दोन, ताट-वाटीला तीन, हात-तोंड धुवायला तीन, टॉयलेटला चार आणि आंघोळीला सहा. बेरीज बावीस. आंघोळ एक दिवसाआड केली आणि बाकीच्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसलं, तर त्या दिवसाचे १७ होतात. भांडी आधी राखेने किंवा कोरड्या मातीने घासून मग लिटरभर पाण्यात विसळली, हात धुताना तांब्या वापरला, तर १४ पर्यंत येतं. त्याखाली जायचं तर तब्येतीशी खेळ.

पाच जणांचे १४ म्हणजे रोज ७० लिटर. आमच्याजवळ ८०. म्हणजे सूर्यावर आम्ही दहाच काय, शंभर दिवस बाहेर राहू शकतो, पण पाण्यावर फक्त एक दिवस! रोज कुठल्या तरी गावात चार कॅन भरून घ्यावेच लागणार. आम्ही 'ऑफ-ग्रिड' वगैरे म्हणत होतो ते विजेपुरतंच. गावाची विहीर, हातपंप, टाकी हीसुद्धा ग्रिडच आहे, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी घागर घेऊन उभं असतं.

हे जालन्यात विसरून चालत नाही. वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही दरवर्षी पडेलच असं नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना शहराचा जुना घाणेवाडी तलावसुद्धा आटला होता. ज्या गावात उन्हाळ्यात माणशी वीस लिटर टँकरने येतात, तिथे आपले ८० लिटर म्हणजे चार माणसांचा दिवस. सहलीला आलेल्यांनी तो मागायचा नाही. म्हणून बेत डिसेंबरचा. तेव्हा विहिरींना पाणी असतं, टँकर सुरू झालेले नसतात. एप्रिल-मे च्या सुटीत हाच बेत मी कुणालाही करू देणार नाही.

आणि म्हणून आमचा नकाशा उलटा झाला. आधी देवळं आणि नदीकाठ मांडून त्यांच्यामध्ये रेघ ओढली होती, ती खोडली. आता आधी पाणी, मग मुक्काम. पहिला मुक्काम कडवंचीला. हे जालना तालुक्यातलं गाव पाणलोटाच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने १९९६ पासून इथे माथा ते पायथा बांधबंदिस्ती झाली, पुढे शेततळी आली आणि कमी पावसाच्या या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. सिव्हिलवाल्यांनी तर ते बघायलाच पाहिजे. तिथून राजूर, भोकरदन, अन्वा, मग जाफराबाद. मग परत येऊन दक्षिणेला मंठा, परतूर, जांब, अंबड आणि शेवटी शहागडला गोदावरी.

प्रत्येक मुक्कामाच्या गावात आधी सरपंच किंवा पोलीस पाटलांना भेटायचं, गाडी कुठे लावू विचारायचं, पाण्याचं विचारायचं. पिण्यासाठी आता बहुतेक मोठ्या गावांत आर.ओ.चा वीस लिटरचा जार पैसे देऊन मिळतो, ते उत्तम. विहिरीचं पाणी असेल तर गाळून, तुरटी फिरवून, मग उकळायचं किंवा क्लोरीनचे थेंब टाकायचे. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, म्हणून तुरटी आधी. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार आणि नायट्रेट जात नाहीत, उलट पाणी आटून ते थोडे वाढतातच. खारट लागलं तर ते भांड्यांसाठी ठेवायचं. आणि मुलींना एक माहिती : पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी आणि हवा मोफत द्यावी लागते. संकोच न करता विचारायचं.

पाण्याचा हा सगळा शहाणपणा आम्हाला पुस्तकातून मिळालेला नाही. माझं आजोळ घनसावंगी तालुक्यात. तिथे आजीच्या समोरच्या घरातल्या मावशी दरवर्षी ऊसतोडीला जातात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागातून दिवाळीच्या सुमाराला हजारो जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि मग ती उसाच्या मोळ्यांनी फेडायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाच-सहा महिन्यांचा संसार चढतो : बाजरी-ज्वारीची पोती, तवा, परात, गोधड्या, पाण्याचा पिंप, लेकरं, एखादी शेळी, कोंबड्या. फडाजवळ पाचट, बांबू आणि ताडपत्रीची कोपी घालायची आणि त्यात थंडी काढायची. वीज नाही, नळ नाही, संडास नाही. आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात मोठी 'ऑफ-ग्रिड' वस्ती दर हिवाळ्यात अशी उठून जाते, आणि आपण यूट्यूबवर परदेशातल्या व्हॅन बघतो.

दसऱ्याला गेले होते तेव्हा मावशींना आमची यादी वाचून दाखवली. सोलरचं ऐकून त्यांनी मान डोलावली, त्यांच्याकडेही चार्जिंगचा दिवा आहे. मग विचारलं, "पोरी, पाणी कुठून आणतीस?" मी म्हटलं, रोज गावातून भरून घेऊ. "किती लांबून?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं : कोपी कुठे पडणार हे त्यांच्या हातात नसतं, पण पाणी जवळ असलं तर बाईचा अर्धा सीझन सोपा जातो. पहाटे अंधारात उठून फडात जायचं, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, आणि परत आल्यावर पाणी आणायचं ते बाईनेच. म्हणून पिंपाला झाकण पाहिजे, पिण्याचं भांडं वेगळं पाहिजे, आणि त्यात हात घालायचा नाही, ओगराळ्याने काढायचं. पिठल्याची कढई भाकरीने पुसून घ्यायची, म्हणजे घासायला पाणी कमी लागतं. तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात पहिली भांडी निघतात. या तीन-चार वाक्यांनी आमचे दिवसाचे दहा-पंधरा लिटर वाचले. हौसेने दहा दिवस राहणाऱ्या आम्हाला पोटासाठी सहा महिने राहणाऱ्या बाईने फुकट क्लास दिला, आणि वर शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

आता थोडं धोक्याचं. हे कंटाळवाणं वाटेल, पण इथे माणूस जीवाला मुकतो.

डिसेंबरात मराठवाड्यात रात्री चांगलीच थंडी पडते. गाडीच्या काचा लावून आत शेगडी ठेवायचा मोह होईल. अजिबात नाही! कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतं. झोपलेला माणूस झोपेतच जातो. गॅसचंही तेच. आम्ही पाच किलोचा छोटा सिलिंडर नेणार. घरी १४.२ किलोचा चार-पाच माणसांना महिनाभर जातो, त्या हिशेबाने दहा दिवसांना पाच किलो बरोबर बसतात. पण एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला तर वर उडून जात नाही, गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून शेगडी कायम गाडीबाहेर, रात्री सिलिंडरही बाहेर, आणि झोपताना दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या. थंडीला गोधडी आहे.

शेततळं दिसलं की पोहायला उतरायचं नाही. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, बाजू उताराच्या, त्यावर शेवाळ. ओल्या प्लास्टिकवर पायाला घर्षणच मिळत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही काठावर चढू शकत नाही. अशा बातम्या दरवर्षी येतात, आणि बऱ्याच वेळा एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. गाडीत पंचवीस फूट दोर ठेवलाय तो यासाठीच. जायकवाडीच्या डाव्या कालव्यालाही हाच नियम.

तिसरं, काळी माती. कोरडी असताना दगडासारखी टणक, गाडी बिनधास्त जाते. पण तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट पाणी पिऊन फुगतं आणि अर्ध्या तासाच्या अवकाळी पावसात तिचा चिखल होतो. ओम्नीची चाकं बारकी, ती रुतली की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. आभाळ भरलं असेल तर मुरमाचा किंवा डांबरी रस्ता सोडायचा नाही, कितीही सुंदर झाड दिसलं तरी!

गाडीत बेड बसवणार का, असं मेकॅनिकलच्या मुलांनी विचारलं. बसवणार नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं ५२ वं कलम असं आहे की रजिस्ट्रेशनवर जी गाडी लिहिली आहे तिच्यात परवानगीशिवाय मूळ बदल करता येत नाही. सीट काढून टाकली, टप कापला, की तो बदल झाला. २०२१ साली राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते खास तशा बनवलेल्या गाड्यांसाठी. आम्ही मागची सीट दुमडून तिच्यावर एक सुटी प्लायवूडची फळी टाकणार, दिवसा ती उभी करून बाजूला बांधणार. तिघी त्यावर, मामा-मामी तंबूत. तिघींपैकी मधलीला कूस बदलायची सोय नाही, म्हणून रोज पाळी.

शिधा मामींच्या ताब्यात आहे, त्यात आम्हाला मत नाही. ज्वारीचं पीठ, बेसन, मूगडाळ, तांदूळ, गूळ, मेतकूट, ठेचा. मॅगी फक्त चार पाकिटं. कुकर मात्र मी हट्टाने यादीत घातला, कारण तो गॅस आणि पाणी दोन्ही वाचवतो.

एवढं झाल्यावर मुक्कामांचा तक्ता पुन्हा एकदा तपासला. प्रत्येक गावासमोर पाणी कुठे, किती लांब आणि कुणाला विचारायचं हे तीन रकाने आहेत. बहुतेक ठिकाणी फोनवर फोन करून ते भरले. सगळ्यात सोपा निघाला आमच्या आजोळचा. आजी म्हणाली, पाण्याची काळजीच करू नका, डिसेंबरात हातपंपावर रांग नसते. निम्म्या गल्लीला तेव्हा कुलूप असतं, समोरच्या मावशींच्या घरालाही. तिथे आम्ही दोन रात्रींचा मुक्काम ठेवला आहे.